रजिस्टर नंबर दहा

दिल्लीत आणि भोवतालच्या गाझियाबाद, नोएडा, गुडगाव या पट्ट्यात ‘दसनंबरी’ हा शब्द अजून बोलण्यात आहे. बेरकी माणसाला म्हणतात, वाया गेलेल्या पोराला म्हणतात, कधी मित्राला लाडानेही म्हणतात. १९७६ साली मनोजकुमारचा याच नावाचा सिनेमा आला आणि मराठी मुलखातल्या थेटरांतही हा शब्द घुमला. त्याचे मूळ मात्र पोलीस ठाण्यातल्या कपाटात आहे. १९३४ च्या पंजाब पोलीस नियमांनी ठाण्यात ठेवायच्या रजिस्टरांना क्रमांक दिले. त्यांतले दहावे रजिस्टर पाळतीवरच्या माणसांचे. १८५७ नंतर दिल्ली पंजाबला जोडली गेली होती. त्यामुळे पंजाबची पोलीस पद्धत इथे रुजली आणि स्वातंत्र्यानंतरही टिकली. ज्याचे नाव दहाव्या रजिस्टरात, तो दसनंबरी.

या नियमांतली एक तरतूद मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचली. रजिस्टरात नाव चढायला शिक्षा झालेली असणे जरुरीचे नाही. माणूस सराईत गुन्हेगार आहे असे पोलिसांना सकारण वाटले, की ‘शिक्षा झालेली असो वा नसो’, त्याचे नाव त्यात घेता येते. ठाण्यात त्याची हिस्ट्रीशीट उघडता येते. न्यायालयाच्या निकालाची प्रत मागता येते, त्यावर अपील करता येते. ठाण्यातली ही नोंद गोपनीय असते. आपले नाव तिथे आहे हे पुष्कळदा त्या माणसाला ठाऊकही नसते.

मग एखाद्यावरचा गुन्हेगारीचा शिक्का पुसला गेला, हे ओळखायचे कशावरून? मला एक कसोटी सुचते. ती ऐकायला विचित्र आहे: बंदुकीचा परवाना. नोकरीसाठी, पासपोर्टसाठीही पोलीस पडताळणी होते. पण तिथे सरकार फार तर एवढेच म्हणते, की या माणसाविरुद्ध आमच्याकडे काही नाही. बंदुकीचा परवाना देताना ते म्हणते, की जीव घेऊ शकणारी वस्तू याच्या हाती द्यायला आमची हरकत नाही. राज्यसंस्थेने नागरिकावर टाकलेला एवढा मोठा विश्वास दुसऱ्या कुठल्या कागदावर क्वचितच सापडेल. मला स्वतःला बंदूक नको आहे, आणि घरोघरी बंदुका असाव्यात असेही मला वाटत नाही. उत्तर भारतातल्या वरातींमध्ये हवेत झाडलेल्या गोळीने कोणी मेल्याच्या बातम्या वाचणाऱ्याला तसे वाटणेही कठीण. तरीही हा परवाना कोणाला मिळू शकतो, कोणाला मिळत नाही आणि गेलेला परत कसा मिळतो, याचा इतिहास पाहिला की या देशात शिक्का कसा लागतो आणि कसा राहतो ते नीट दिसते.

०००

आधी आजचा कायदा पाहू. स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ चा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या नवव्या कलमात शस्त्र कोणी बाळगू नये याची यादी आहे. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्याबद्दल कैदेची शिक्षा झालेला माणूस शिक्षा संपल्यानंतर पाच वर्षे शस्त्र बाळगू शकत नाही. शांतता राखण्याचे किंवा चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र ज्याच्याकडून लिहून घेतले आहे, त्याच्यावर त्या बंधपत्राच्या मुदतीपुरती बंदी. ही भाषा नीट वाचली तर तिच्यात एक समंजसपणा आहे. बंदी माणसाच्या स्वतःच्या कृत्यासाठी आहे आणि तिला शेवटची तारीख आहे. सहाव्या वर्षी त्याला अर्ज करता येतो. एखाद्याला या कायद्याखाली शिक्षा झाली आणि न्यायालयाने त्याचा परवाना रद्द केला, पण पुढे अपिलात ती शिक्षाच टिकली नाही, तर परवाना रद्द करणारा आदेशही निरर्थक ठरतो. केवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यासाठी कोणालाही परवाना नाकारू नये, असेही याच कायद्यात लिहिले आहे.

अमेरिकेतली मांडणी याच्या उलटी आहे. तिथे शस्त्र बाळगणे हा संविधानाने दिलेला हक्क. पण १९६८ च्या संघीय कायद्यानुसार मोठ्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याचा तो हक्क सहसा जन्मभरासाठी जातो. तो परत हवा असेल तर शिक्षेची नोंद पुसून घ्यायची, माफी मिळवायची किंवा गमावलेले नागरी हक्क परत मिळवायचे. या कामासाठी तिथे वकिलांचा एक स्वतंत्र व्यवसायच आहे. आपल्याकडे शस्त्राचा मूलभूत हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली बेकायदा शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेताना अमेरिकेशी हाच फरक दाखवून दिला. आपल्याकडे प्रौढ माणसाची शिक्षेची नोंद पुसून देणारा सर्वसाधारण कायदाही नाही. दोन दारे मात्र आहेत. अल्पवयात झालेल्या कृत्याची नोंद, काही गंभीर अपवाद सोडले तर, ठरावीक काळाने नष्ट करायची असते. आणि १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली, म्हणजे प्रोबेशनवर, सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही.

एवढ्यावर भागले असते तर हा लेख इथेच संपला असता. पण याच शस्त्र अधिनियमाचे चौदावे कलम पुढे येते. अर्जदार ‘कोणत्याही कारणाने’ अपात्र वाटला, किंवा सार्वजनिक शांततेसाठी आवश्यक वाटले, तर परवाना अधिकारी अर्ज फेटाळू शकतो. कारणे लेखी नोंदवायची असतात. मात्र ती अर्जदाराला सांगणे लोकहिताचे नाही असे अधिकाऱ्याला वाटले तर सांगितली नाहीत तरी चालते. अपिलाची सोय आहे, पण न सांगितलेल्या कारणाविरुद्ध अपील लिहायचे कसे, हा प्रश्न उरतोच. आणि या निर्णयाचा आधार काय, तर अर्जदाराच्या ठाण्याकडून आलेला अहवाल. म्हणजे फिरून आपण त्याच कपाटापाशी येतो. नवव्या कलमाने पाच वर्षांची मुदत घातली. दहाव्या रजिस्टराला तशी मुदत नाही.

०००

हे कपाट आणि ही परवान्याची पद्धत दोन्ही एकाच काळात जन्मली. १८५७ च्या उठावात कंपनी सरकारने घाईने शस्त्रबंदीचा कायदा केला. त्याची झळ मराठी मुलखाच्या वेशीवर लगेच बसली. आज कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात असलेले मुधोळ तेव्हा घोरपडे या मराठा घराण्याचे संस्थान होते. तिथल्या हलगली गावच्या बेडर लोकांनी, ज्यांना मराठीत आपण बेरड म्हणतो, हत्यारे जमा करायला नकार दिला. नोव्हेंबर १८५७ मध्ये इंग्रजी फौज गावावर चालून गेली, गाव जाळले आणि पकडलेल्यांपैकी अनेकांना मुधोळात व हलगलीत फाशी दिले. हलगलीच्या बेडरांची लावणी कन्नडमध्ये आजही गातात. फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्याने ती एकोणिसाव्या शतकातच टिपून ठेवली होती. हत्यार हा या लोकांचा पोटाचा धंदा होता, शिकारीचा आणि राखणीचा. ते काढून घेणे म्हणजे नांगर काढून घेण्यासारखेच होते.

उत्तरेत काय झाले? सप्टेंबर १८५७ मध्ये दिल्ली पडली, शहर रिकामे करवले गेले, हत्यारे गोळा झाली. पुढच्या वीस वर्षांत दोन कायदे आले. पहिला १२ ऑक्टोबर १८७१ चा क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट, म्हणजे गुन्हेगार जमातींचा कायदा. तो आधी वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबात लागू झाला. एखादी जमात ‘पद्धतशीरपणे’ बिगरजामिनी गुन्हे करते असे सरकारला वाटले की अधिसूचना काढायची. ती अधिसूचना हाच पुरावा. न्यायालयात तिच्यावर प्रश्न विचारता येत नसे. मग त्या जमातीच्या माणसांची नावे रजिस्टरात चढत, त्यांना हजेरी द्यावी लागे, पासाशिवाय ठरलेली हद्द सोडता येत नसे. सोडली तर वॉरंटाशिवाय अटक. पंजाबात ज्यांच्यावर हा कायदा सुरुवातीला चालवला गेला त्यांत गुडगाव जिल्ह्यातल्या शहाजहानपूरचे मीणा होते. हे शहाजहानपूर दिल्लीहून जयपूरला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आज तो भाग राजस्थानात असला तरी दिल्लीहून जाणाऱ्याला महामार्गावर त्याच्या नावाची पाटी दिसतेच.

दुसरा कायदा १८७८ चा शस्त्रांचा. व्हाइसरॉय लिटनच्या काळात, मार्च महिन्यात, देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आला आणि त्याच महिन्यात हाही. हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बंद. युरोपियनांना मात्र त्यातून सूट. पुढे रिपनने वृत्तपत्रांचा कायदा उठवला, शस्त्रांचा तसाच राहिला. १८८७ च्या मद्रासच्या अधिवेशनापासून काँग्रेस त्याविरुद्ध ठराव करू लागली.

हे दोन कायदे मी शेजारी शेजारी ठेवून वाचतो. १८७१ च्या कायद्याने काही माणसांना जन्मानेच संशयित ठरवले. १८७८ च्या कायद्याने सगळ्याच हिंदी माणसांना संशयित ठरवले आणि साहेबाच्या मर्जीतल्यांना तेवढी सूट ठेवली. एकात रजिस्टर, दुसऱ्यात परवाना. सुशिक्षित वर्ग दुसऱ्या कायद्यावर चिडला, कारण तो त्यांच्या मानाला लागला. पहिल्या कायद्याखाली जे होते त्यांच्या बाजूने ठराव करणारे कोणी नव्हते.

महाराष्ट्रात याचा अर्थ कळण्यासाठी रामोशांकडे पाहावे. गडांची राखण, गावाची जागल, चोरीचा माग काढणे ही त्यांची वतनी कामे. गावात चोरी झाली आणि माग लागला नाही, तर नुकसान भरून देण्याची जबाबदारीही त्यांच्यावर येई. पेशवाई गेल्यावर कंपनीने ही जुनी व्यवस्था मोडली. हक्क गेले, हत्यार राहिले. उमाजी नाइकांचे बंड त्यातून उठले. पुढे १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड उभारले तेव्हा त्यांच्याबरोबर रामोशी होते. फडके एडनच्या तुरुंगात गेले, तिथेच १८८३ मध्ये वारले आणि आद्य क्रांतिकारक ठरले. त्यांच्यावरच्या शिक्षेचा डाग आज कोणाला आठवतही नाही. आठवतो तो गौरव म्हणून. त्यांच्याबरोबर हत्यार धरलेल्या रामोशांच्या जातीचे नाव मात्र ‘गुन्हेगार’ या शब्दाबरोबर सरकारी कागदांत राहिले. आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत चौदा जाती आहेत. रामोशी आणि बेरड या त्यांतल्या दोन. गडाचा राखणदार आणि ठाण्याचा संशयित, दोन्ही एकच माणूस. मध्ये फक्त राज्य बदलले होते.

१९११ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा मुंबई इलाख्यासह सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानला लागू झाला. बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार आला. १९२४ मध्ये सगळ्या दुरुस्त्या एकत्र करून नवा कायदा झाला. विजापूर, हुबळी, सोलापूर इथे तारेच्या कुंपणातल्या वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरच्या वसाहतीतल्या माणसांनी गिरण्यांत काम करायचे आणि हजेरीला परत यायचे. सोलापुरात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ नावाची वस्ती आजही आहे. ‘फ्री’ हा शब्द वस्तीच्या नावात घालावा लागतो, यातच तिचा इतिहास आला. या माणसांना बंदुकीचा परवाना मिळण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना शेजारच्या गावी जायलाही चिठ्ठी लागत होती.

०००

स्वातंत्र्य आले तेव्हा दोन्ही कायदे दिल्लीच्या टेबलावर होते. शस्त्रांच्या बाबतीत काँग्रेसने कराचीच्या १९३१ च्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या चौकटीत का होईना, नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा हक्क कबूल केला होता. त्याच आधारावर डिसेंबर १९४८ च्या सुरुवातीला हरी विष्णू कामतांनी संविधान सभेत दुरुस्ती मांडली: हा हक्क मूलभूत हक्कांत घालावा. कामत मध्य प्रांत व वऱ्हाडातून आलेले, आय.सी.एस. सोडून सुभाषबाबूंबरोबर गेलेले गृहस्थ. त्यांना उत्तर देताना डॉ. आंबेडकरांनी जो मुद्दा मांडला तो मला आजही निर्णायक वाटतो. काँग्रेसने असे ठराव केले हा इतिहास आहे, पण ते परक्या सरकारने प्रजेला निःशस्त्र ठेवले म्हणून. ती परिस्थिती आता उरली नाही. प्रत्येकाला बाजारातून मारक हत्यारे आणण्याचा हक्क दिला तर राज्यकारभार चालवणेच अशक्य होईल. हक्कापेक्षा कर्तव्य महत्त्वाचे, संकटात राष्ट्राने बोलावले तर हत्यार धरण्याचे. कामतांची दुरुस्ती फेटाळली गेली.

म्हणजे परवान्याची पद्धत राहिली. मग एकच न्याय्य वाट उरते: परवाना सगळ्यांनाच मागावा लागेल, आणि नाकारायचा तर तो माणूस पाहून नाकारावा, जात पाहून नव्हे. त्यासाठी दुसऱ्या कायद्याचा निकाल लावणे भाग होते. मुंबई राज्याने १९४९ मध्ये आपल्यापुरता तो रद्द केला. त्याच वर्षी केंद्राने अनंतशयनम अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने १९५० मध्ये सांगितले, की हा कायदा रद्द करा. त्याच्या जागी जन्माचा, जातीचा संबंध नसलेला सराईत गुन्हेगारांचा कायदा करा. संसदेने रद्द करणारा कायदा केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ पासून ‘गुन्हेगार जमाती’ हा शब्द कायद्यातून गेला. देशभरचे लाखो लोक एका दिवसात ‘विमुक्त’ झाले. एवढ्या माणसांची नोंद एकाच दिवशी पुसली गेल्याचे दुसरे उदाहरण आपल्या इतिहासात सापडणे अवघड आहे.

पण समितीच्या शिफारशीचा दुसरा अर्धा भागही अमलात येत होता. राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे झाले. मुंबईत १९४७ मध्येच असे निर्बंध आणले होते; नवा कायदा आला १९५९ मध्ये. शस्त्र अधिनियमही १९५९ चाच. पुन्हा एकदा रजिस्टर आणि परवाना एकाच वर्षी, शेजारी शेजारी. फरक एवढा, की आता दोन्हींची भाषा व्यक्तीची होती. ‘सराईत’ ठरायला स्वतःच्या शिक्षा लागणार होत्या. कागदावर हा फरक मोठा आहे आणि तो मी लहान लेखणार नाही. अडचण कागदाबाहेर होती. १९५२ ने अधिसूचना रद्द केल्या. ठाण्यातले अंमलदार, त्यांना शिकवलेली जातींची नावे, कपाटातली जुनी रजिस्टरे एका रात्रीत बदलली नाहीत. १९८७ साली लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ आले तेव्हा मराठी वाचकाला कळले, की पस्तीस वर्षांनंतरही पोलीस दारात येण्यासाठी गुन्हा घडावा लागत नाही. पारध्यांचे तर आणखी वेगळे झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच गुन्हा ठरवली. कायद्याचा हेतू योग्य होता, जंगले रिकामी होत चालली होती. पण फासे लावून पोट भरणाऱ्याचा धंदा गुन्हा झाला आणि पर्यायी धंदा कोणी दिला नाही. जातीवरचा शिक्का जाऊन वीस वर्षे झाली, तोवर तो धंद्यावर येऊन बसला होता.

याच दिल्लीत शिक्का पुसण्याचे दुसरे उदाहरण त्याआधीच घडले होते. नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला. शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि सरसेनापती ऑकिनलेकने ती लगेच माफ केली. देशभर उठलेल्या लोकमतापुढे दुसरा इलाज नव्हता. सेनेचे चीफ ऑफ स्टाफ जगन्नाथराव भोसले सावंतवाडीकडचे. ते १९५२ च्या निवडणुकीत लोकसभेवर निवडून आले आणि नेहरूंच्या सरकारात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. निर्वासितांच्या मुलांसाठी त्यांनी १९५४ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. तरीही एक गाठ सुटली नाही. १९४८ मध्ये सरकारने आझाद हिंद सैनिकांवरचा बडतर्फीचा डाग काढला, पण त्यांना पुन्हा सैन्यात घेतले नाही. मंत्रिपद मिळू शकत होते, रायफल नाही. ज्यांच्यासाठी सगळा देश रस्त्यावर आला त्यांची ही गत. मग ज्यांच्यासाठी कोणीच रस्त्यावर आले नाही त्यांच्या नोंदी आपोआप पुसल्या जातील, असे मानायला आधार काय होता?

०००

विमुक्तांच्या प्रश्नावर दिल्लीत नंतर जे राष्ट्रीय आयोग बसले त्यांतल्या दोहोंचे अध्यक्ष मराठी होते, याची नोंद मराठी वाचकाने घ्यावी. बाळकृष्ण रेणके यांचा अहवाल २००८ चा. भिकू रामजी इदाते यांचा त्यानंतर जवळजवळ दहा वर्षांनी. रेणके आयोग काम करत असतानाच, २००७ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने सराईत गुन्हेगारांचे कायदे रद्द करण्याची शिफारस भारताला केली. घर, जमीन, जातीचे दाखले, शाळा हे या माणसांचे मोठे प्रश्न आहेत. बंदुकीचा परवाना त्यांच्या मागण्यांच्या यादीत कुठेच नाही आणि नसावा हेही स्वाभाविक आहे. पण ज्या पडताळणीत परवाना अडतो तिच्यातच नोकरी अडते आणि भाड्याची खोलीही.

न्यायालयांनी या कपाटाकडे दोनदा नीट पाहिले. १९८० मध्ये मलक सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे हेच पंजाबचे नियम आले. पाळत ठेवता येईल, असे न्यायालय म्हणाले. संशयाला वाजवी आधार हवा आणि पाळतीने माणसाच्या प्रतिष्ठेवर घाला पडता कामा नये. मात्र नाव चढवण्याआधी त्या माणसाचे म्हणणे ऐकण्याची जरूर नाही, कारण त्याने पाळतीचा उद्देशच बुडेल. तर्क समजतो. परिणाम असा, की न ऐकता चढलेले नाव न ऐकताच राहते.

दुसऱ्यांदा दिल्लीतच, २०२४ मध्ये. अमानतुल्ला खान या आमदारांनी आपल्या हिस्ट्रीशीटला आव्हान दिले होते. तिच्यात त्यांच्या अल्पवयीन मुलांचेही तपशील होते. दिल्ली पोलिसांनी आपला स्थायी आदेश बदलला. हिस्ट्रीशीट हा अंतर्गत कागद आहे, तो लोकांपुढे यायचा नाही आणि अल्पवयीन नातेवाइकांची माहिती त्यात यायची नाही, असे ठरले. ७ मे २०२४ च्या निकालात न्यायालय एका आमदाराच्या तक्रारीवर थांबले नाही. वसाहतीच्या काळासारखीच जातीच्या पूर्वग्रहातून विमुक्त जातींच्या माणसांची नावे या कागदांत निवडून भरली जातात, असे आरोप आहेत, याची न्यायालयाने दखल घेतली आणि सगळ्या राज्यांना आपली पद्धत तपासायला सांगितले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, सुकन्या शांता या पत्रकार महिलेच्या याचिकेवर, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने तुरुंगांतला जातीचा रकाना काढायला लावला. विमुक्त जातीत जन्मला म्हणून कोणी ‘सराईत’ होत नाही हे स्पष्ट केले आणि सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांची गरज तपासायला राज्यांना सांगितले. १९५२ मध्ये संसदेने जे म्हटले, ते बहात्तर वर्षांनी न्यायालयाला पुन्हा म्हणावे लागले.

या सगळ्या वाचनातून माझ्यापुरते जे उरले ते थोडक्यात सांगतो. शस्त्र अधिनियमाचे नववे कलम शिक्षा भोगलेल्या गुन्हेगाराला तीन गोष्टी देते. बंदी त्याच्या स्वतःच्या कृत्याशी बांधलेली आहे. तिला मुदत आहे. आणि ती कशामुळे आली हे त्याला ठाऊक आहे. खुनी हल्ल्यात शिक्षा झालेला माणूसही शिक्षा संपल्यावर पाच वर्षांनी या तीन गोष्टींच्या बळावर अर्ज करू शकतो. त्याला परवाना मिळेल असे नाही. पण आपण नेमके कशाविरुद्ध बोलतो आहोत हे त्याला माहीत असते. ज्याने काहीच केले नाही, पण ज्याचे नाव आजाच्या आडनावामुळे किंवा तांड्याच्या पत्त्यामुळे ठाण्याच्या कागदात आले, त्याच्याकडे या तीनपैकी एकही गोष्ट नाही. दोषी ठरलेल्या माणसाची जागा संशयित माणसापेक्षा बरी, हा उफराटा न्याय १८७१ मध्ये सुरू झाला.

तो सुधारायला घरोघरी बंदुका द्याव्या लागत नाहीत. ठाण्यातल्या नोंदीला मुदत घालावी लागेल. ती मुदत संपली की नोंद पुन्हा तपासावी लागेल आणि आधार नसेल तर काढावी लागेल. कोणाला काही नाकारताना ती नोंद वापरली तर निदान तेवढे त्याला कळवावे लागेल. ही सगळी कारकुनी कामे आहेत. त्यांच्यासाठी भाषणे लागत नाहीत. ठाण्यातले कपाट उघडून एकेक पान वाचणारा अंमलदार लागतो. ३१ ऑगस्टला विमुक्त दिन साजरा होतो, सभा होतात, हार घातले जातात. त्या दिवशी प्रत्येक ठाण्याने आपल्या दहाव्या रजिस्टरातली किती नावे तपासली आणि किती काढली एवढा आकडा जाहीर केला, तर त्या दिवसाला मला अधिक अर्थ वाटेल.